नांगर विकणारे अण्णा

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटले की पांढरी दाढी, खादीचे कपडे आणि खांद्यावरचे घोंगडे डोळ्यांसमोर उभे राहते. पण अण्णा एके काळी कारखान्यांचे फिरते विक्रेते होते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले, आणि तेव्हापासून त्यांच्या चरित्रातली हीच गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते.

जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा. मूळ गाव आमच्या वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात इंग्रजी सहावीपर्यंत शिकले आणि शाळा सुटली. पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांच्या कारखान्याचा माल घेऊन गावोगाव हिंडले. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्याचा त्या काळी समज होता. अशा माणसाला नांगर विकायचा तर आधी त्याच्या ओट्यावर बसून त्याचे सगळे ऐकून घ्यावे लागत असणार. याच वाटांवर त्यांना खेड्यातले अज्ञान दिसले. पोराला शाळेत घाल म्हटले, तर गुरे कोण राखणार, हा प्रश्न प्रत्येक दारात तयार!

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवणारे बोर्डिंग सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. अण्णांवर लिहिताना त्यांच्यासाठी आपण दोनच ओळी ठेवतो. मीही तेच केले.

मागणे सोपे नसते. गेल्या वर्षी शिबिरासाठी वर्गणी मागायला मी चार दारे फिरलो आणि पाचव्या दारातून न बोलताच परतलो. अण्णा पैसा नसेल तर मूठभर धान्य मागत. मूठभर देणाऱ्यालाही मग ती शाळा आपली वाटे. संस्थेचे बोधचिन्ह त्यांनी वडाचे झाड ठरवले. ते ओळखायला अक्षर यावे लागत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र ते हट्टी होते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला, जे १९४७ मध्ये निघाले, आपले नाव द्यावे म्हणून एकाने मोठी देणगी देऊ केली. बापाचे नाव बदलीन, पण शिवाजी महाराजांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे सांगून अण्णांनी त्याला वाटेला लावले, असे सांगतात. संस्थेलाही त्यांनी स्वतःचे नाव लावले नाही, रयतेचे लावले.

१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाची डी. लिट. आणि पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी ९ मे रोजी अण्णा गेले.

सुगीत आमच्या घरूनही बोर्डिंगला पायलीभर जोंधळे जात, असे आजोबा सांगतात. त्यांच्या मुलाची, म्हणजे माझ्या वडिलांची, शाळा मात्र सातवीत सुटली. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच.