हात न लावता ओळखली आकाशातली भेसळ. कोण होते पुण्याचे कावसजी नायगमवाला?

फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ या फ्यूजन प्रकल्पात भारत भागीदार आहे. तेथे हायड्रोजनच्या भावंडांचा वायू सुमारे 15 कोटी अंशांपर्यंत तापवायचा आहे. एवढ्या तापमानाला अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. त्यात थर्मामीटर घालता येत नाही. मग आत काय मिसळले आहे, ते कळते प्रकाशावरून. हीच विद्या 130 वर्षांपूर्वी पुण्यात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आकाशावर वापरत होते.

पुण्यात वेधशाळा कशी आली?

कावसजींचा जन्म 1857 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. वेधशाळेसाठी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 5 हजार रुपये दिले, तर मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. 1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात महाराजांच्या नावाने वेधशाळा उभी राहिली. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. कावसजींनी तिच्या जोडीला वर्णपटमापक लावला.

1891 चा वाद काय होता?

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशात एक ठळक हिरवी रेषा दिसते. सूर्यावरील हेलियमचा शोध ज्यांच्या नावावर आहे, ते नॉर्मन लॉकयर ती मॅग्नेशियमची मानत. जळत्या मॅग्नेशियमच्या वर्णपटात त्याच जागी एक पट्टा दिसतो. त्याची एक कड ठळक असते आणि दुसरी बाजू हळूहळू विरत जाते.

कावसजींनी पुण्यातून ती रेषा तपासली. प्रकाश कमी-अधिक फाकवून पाहिला, तरी रेषा दोन्ही बाजूंनी रेखीवच राहिली. त्यामुळे ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असू शकत नव्हती. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे निरीक्षण छापून आले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा दावा पुण्यातील नोंदीपुढे टिकला नाही. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी 1927 मध्ये सांगितले.

जेऊरला काय घडले?

22 जानेवारी 1898 रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. लॉकयर विजयदुर्गला होते. कावसजींनी तळ ठोकला करमाळा तालुक्यातील जेऊरला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा हा शेजारचा तालुका तेव्हा निजामाच्या राज्यात होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही जेऊरलाच आले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची होती. तेवढ्यात सूर्याच्या बाहेरील प्रभामंडळाचा वर्णपट टिपायचा होता. कावसजींचा सविस्तर अहवाल पुढे मुंबईत प्रसिद्ध झाला.

या प्रभामंडळातही एक न उलगडलेली हिरवी रेषा होती. काहींनी तिच्यासाठी ‘कोरोनियम’ हे नवे मूलद्रव्यच कल्पिले. कावसजींचे 1938 मध्ये निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच कळले, की ती रेषा 13 इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. याचा अर्थ प्रभामंडळ लाखो अंश तापलेले आहे.

फ्यूजनशी संबंध काय?

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 मध्ये ‘आदित्य’ हे टोकामॅक यंत्र सुरू झाले. अशा यंत्राच्या भिंतीतून कार्बन, ऑक्सिजन, लोखंड किंवा टंगस्टन सुटून प्लाझ्मात मिसळते. जड अणू प्रकाश आणि क्ष-किरणांच्या रूपात उष्णता बाहेर फेकतात. दहा हजार कणांमागे टंगस्टनचे दोन-तीन अणू मिसळले, तरी फ्यूजन टिकवणे अवघड होते.

ही भेसळ मोजताना तीन गोष्टी पाहतात:

- रेषेची जागा: मूलद्रव्य कोणते आणि त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले.
- रेषेची चमक: भेसळीचे प्रमाण किती.
- रेषेची रुंदी: त्या कणांचे तापमान किती.

वेधशाळेचे पुढे काय झाले?

कावसजी 1912 मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्यासोबत पुण्याची वेधशाळाही बंद झाली. तिची उपकरणे कोडाईकनालला हलवण्यात आली. एका माणसाच्या बळावर चाललेले हे काम पुण्यात पुढे नेणारा कोणी नेमला गेला नाही.