काळोखात पेटलेली नळी

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स मला जवळचा वाटतो, कारण अर्धं आयुष्य तो आमच्यासारखाच टेबलाचा माणूस होता. आयर्लंडमधल्या स्क्रीन गावच्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा, जन्म 1819चा. वयाच्या तिशीत केंब्रिजला न्यूटनच्या पदावर बसला, तो मरेपर्यंत.

हिवतापावरच्या क्विनाइनचं द्रावण पाण्यासारखंच दिसतं, उन्हात मात्र निळी झाक मारतं. हर्शेलने हे आधी पाहिलं होतं. स्टोक्सने अंधाऱ्या खोलीत फटीतून ऊन घेतलं, लोलकाने त्याचे रंग पसरवले आणि द्रावणाची नळी तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवत नेली. जांभळा संपला, पुढे डोळ्यांना नुसता काळोख. नळी तिथे निळी पेटली! न दिसणारे अतिनील किरण पिऊन क्विनाइन दिसणारा प्रकाश देत होतं. परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते, हा नियम त्याने 1852 मध्ये मांडला आणि फ्लुओरस्पार खनिजावरून या चमकेला ‘फ्लुओरेसन्स’ म्हटलं. बँकेत आम्ही संशयित नोट अतिनील दिव्याखाली धरत असू, तेव्हा नंबराची शाई चमकायची ती याच न्यायाने.

पुढे 1854 पासून 31 वर्षं तो रॉयल सोसायटीचा चिटणीस. दुसऱ्यांचे निबंध तपासायचे, पत्रं लिहायची. स्वतःचं संशोधन मागे पडलं. मला हे नुकसान वाटत नाही. कितीतरी जणांचं काम त्याच्या हाताखालून नीट होऊन गेलं.

1903 मध्ये तो गेला. ही चमक पाहणारे सूक्ष्मदर्शक त्यानंतर आठ-दहा वर्षांनी आले, पण त्यांतली युक्ती त्याचीच. एक फिल्टर दिव्यापुढे, दुसरा डोळ्यापुढे. दोन्ही एकावर एक धरले तर काळोख झाला पाहिजे. फ्लुओरेसिन जातीचा रंग 495 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा घेतो आणि 519 जवळचा हिरवा देतो, म्हणून फिल्टर त्या बेताने निवडायचे. कॅमेरा काळा-पांढरा बरा, कारण रंगीत कॅमेऱ्याच्या चिमुकल्या जाळ्या आधीच तुटपुंजा असलेला प्रकाश खातात. दिवा भडक केला तर रंग विटतो; त्यापेक्षा उघडझाप लांबवावी. ‘गेन’ वाढवला की चित्राबरोबर खरखरही वाढते.

क्षयरोग्याच्या थुंकीला ऑरामाइन लावलं की जंतू काळ्यावर पिवळसर हिरवे दिसतात. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एलईडी दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. फिल्टर जुळला नाही तर दिव्याचाच उजेड पडदाभर पसरतो, दोनचार जंतू त्यात बुडतात आणि रोगी ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन घरी जातो.