संस्कार आणि सहवास : व्हेरियर एल्विन यांची धार्मिक अस्वस्थता

आदिवासी चालीरीती आणि ख्रिस्ती संस्कार यांतील ताण सातपुड्याला नवा नाही. नंदुरबार जिल्ह्यात नवापूर परिसरातील मावची समाजात ख्रिस्ती उपासना आणि परंपरागत कुलाचार शेजारी शेजारी आढळतात. मोहाची दारू, रात्रभरचे नृत्य, देवाला दिला जाणारा बळी यांकडे ख्रिस्ती मनाने कसे पाहावे, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर वागवला त्यांत व्हेरियर एल्विन यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांची कर्मभूमी सातपुड्याच्याच पूर्वेकडील मैकल डोंगरात होती.

एल्विन यांचा जन्म १९०२ साली इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. त्यांच्या अकाली निधनानंतर आईने मुलांना कडक धर्मनिष्ठेत वाढवले. ऑक्सफर्ड येथे साहित्य व ईश्वरविद्या यांचे अध्ययन करून ते १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. पुढे गांधीजींच्या सहवासाने ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले आणि चर्चमधील वरिष्ठांचा रोष त्यांनी पत्करला.

१९३२ साली शामराव हिवाळे यांच्यासह ते मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहू लागले. येताना त्यांनी संत फ्रान्सिसचा आदर्श आणि आश्रमीय संयम बरोबर आणला होता. परंतु ज्या लोकांची सेवा करावयाची त्यांच्या जीवनात मद्य, नृत्य आणि स्त्रीपुरुषांचा मोकळा सहवास यांना पापाचा स्पर्शच नव्हता. त्यामुळे आरंभीची अस्वस्थता हळूहळू दिशा बदलू लागली. आदिवासींच्या आचारांविषयीच्या शंकेची जागा स्वतःच्या संस्कारांविषयीच्या शंकेने घेतली. १९३५ साली त्यांनी चर्चशी असलेला संबंध सोडला. हा निर्णय केवळ तात्त्विक वादातून आला नाही; त्यामागे सहवासाचा मोठा वाटा होता.

पुढील काळात त्यांनी बैगांवरील ग्रंथ (१९३९) आणि मुरियांच्या घोटुलावरील ग्रंथ (१९४७) सिद्ध केले. अविवाहित मुलामुलींच्या घोटुलाकडे त्यांनी अनीतीचे स्थान म्हणून न पाहता शिक्षणसंस्था म्हणून पाहिले. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी मात्र आदिवासींना वेगळे ठेवू पाहणाऱ्या त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका केली.

तथापि बालपणीचे संस्कार पूर्णपणे पुसले गेले, असे म्हणता येत नाही. १९४० साली त्यांनी कोसी या गोंड युवतीशी विवाह केला. १९४९ साली तो संपुष्टात आला. मुरियांच्या कामजीवनावर शेकडो पृष्ठे लिहिणाऱ्या एल्विन यांनी आत्मचरित्रात या विवाहाला अत्यल्प जागा दिली. इतरांच्या आचारांकडे निःसंकोचपणे पाहणारी दृष्टी स्वतःच्या आयुष्याशी येताच संकोचते. कोसीची बाजू तर त्या लेखनात येतच नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि ईशान्य सीमाप्रदेशात आदिवासीविषयक सल्लागार म्हणून काम केले. १९६४ साली त्यांचे निधन झाले. एल्विन यांनी धर्मसंस्था सोडली, पण धर्माने लावलेली आत्मपरीक्षणाची सवय सोडली नाही. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य या सवयीत आहे. आणि जेथे ती थांबते, तेथे त्याची मर्यादाही आहे.