चारही चाकांस चालना देणारा : फर्डिनांड पोर्शे

पावसाळ्यांत काल्हेर गांवीं एक देखावा वारंवार दृष्टीस पडतो. ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावरून एखादी लहान मोटारगाडी वखारींच्या गल्लींत वळते आणि कडेच्या चिखलांत रुतून बसते. हांकणारा इंजिनाचा जोर वाढवितो. पुढचीं दोन चाकें गरगर फिरून चिखल उडवितात. मागचीं दोन मात्र स्वस्थ उभीं असतात. शेवटीं चारसहा मुलें मागून रेटा देतात, तेव्हां गाडी सुटते. वाचकहो, त्या मुलांनीं काय केलें, ह्याचा आपण कधीं विचार केला आहे काय ? जें काम मागच्या चाकांनीं करावयाचें, तें त्यांनीं आपल्या हातांनीं केलें !

आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन, गिअरपेटी व चाकें फिरविणारा आंस हीं सर्व पुढच्या बाजूस एकत्र बसविलेलीं असतात. त्यायोगें गाडी हलकी व स्वस्त होते आणि आंत बसावयास जागा पुष्कळ मिळते. इंजिनाचें वजन पुढच्या चाकांवरच पडत असल्यामुळें कोरड्या, सपाट रस्त्यावर पकडही चांगली बसते. परंतु चढावर गाडीचा भार मागें सरकतो, व चिखलांत पुढच्या दोन चाकांचा निभाव लागत नाहीं. अशा गाडीचीं मागचीं चाकेंही कामास लावावीं, ही कल्पना कांहीं आजची नव्हे. सव्वाशें वर्षांपूर्वीं एका पत्रेकाम करणाराच्या मुलानें ती प्रत्यक्षांत आणून दाखविली. त्याचेंच चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

फर्डिनांड पोर्शे ह्याचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजीं बोहेमियांतील माफर्सडोर्फ ह्या गांवीं झाला. हा प्रांत तेव्हां ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होता. आज तो चेक प्रजासत्ताकांत मोडतो. बाप आंटोन हा कथील व पत्र्याचें काम करणारा कुशल कारागीर होता. थोरला मुलगा अपघातांत दगावल्यामुळें धाकट्यानें आपली भट्टी व हातोडा चालवावा, अशी त्याची साहजिकच इच्छा होती. पण मुलाचें मन दुसरीकडेच गुंतलें होतें. भिवंडींत जसे घरोघर माग, तसा त्या गांवीं गिन्झकी नांवाच्या गृहस्थांचा गालिचे विणण्याचा मोठा कारखाना होता, व तेथें विजेचे दिवे आले होते. ते दिवे पाहून फर्डिनांडास वेड लागलें. दिवसा बापाच्या हाताखालीं राबावें, रात्रीं जवळच्या राइखेनबेर्ग शहरांतील शाळेच्या सायंवर्गास जावें, आणि उरलेल्या वेळांत तारा व बॅटऱ्या घेऊन प्रयोग करावे, असा त्याचा क्रम चालला. बापास हें आवडत नसे. आई मात्र मुलाची बाजू घेई. पुढें ह्या पोरानें आपल्या राहत्या घरांत स्वतःच्या हातांनीं विजेचे दिवे लाविले, तेव्हां बापाचा विरोध मावळला.

१८९३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, फर्डिनांड व्हिएन्ना येथील एका विजेच्या सामानाच्या कारखान्यांत नोकरीस लागला. विद्यापीठाचें शिक्षण त्याला कधींच मिळालें नाहीं. काम संपल्यावर तो तेथील तांत्रिक महाविद्यालयांत मागच्या बाकावर जाऊन बसे व व्याख्यानें ऐके. ह्याच महाविद्यालयानें पुढें १९१७ सालीं त्याला सन्मानाची डॉक्टर ही पदवी अर्पण केली, हें येथें सांगितलेंच पाहिजे.

त्या काळीं मोटारगाड्या नुकत्या कोठें जन्मास आल्या होत्या. इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेण्यास सांखळ्या, पट्टे व दंतचक्रें लागत. तीं वारंवार तुटत, व त्यांच्या घर्षणांत पुष्कळशी शक्ति फुकट जाई. पोर्शेनें ह्या अडचणीचें मूळच तोडण्याचें ठरविलें. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जसा तुंबा असतो, तशा चाकाच्या तुंब्यांतच त्यानें वीज घेऊन फिरणारें यंत्र बसविलें. मग सांखळी नको, पट्टा नको, दंतचक्रही नको ! व्हिएन्नांतील लोनर ह्या प्रसिद्ध गाडीवाल्याच्या कारखान्यांत अशी गाडी तयार झाली आणि १९०० सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत मांडण्यांत आली. तिचीं पुढचीं दोन चाकें विजेवर फिरत. ताशीं सुमारें ३७ किलोमीटर हा तिचा वेग होता, व एकदां बॅटरी भरली म्हणजे ती सुमारें ५० किलोमीटर जाई. चोवीसपंचवीस वर्षांच्या तरुणाचें नांव त्या एका प्रदर्शनानें युरोपभर झालें.

त्याच वर्षीं इंग्लंडमधील ल्यूटन येथील हार्ट नांवाच्या गृहस्थांनीं त्याच जातीची, परंतु अधिक जोरदार गाडी मागविली. पोर्शेनें काय करावें ? पुढच्या चाकांत जें होतें, तेंच त्यानें मागच्या चाकांतही बसविलें व तेथवर तारा नेल्या. पुढच्या चाकांनीं ओढली जाणारी गाडी अशा रीतीनें चारही चाकांनीं चालूं लागली. तिच्या चारही चाकांना ब्रेकही होते. मात्र ह्या गाडीची बॅटरीच सुमारें १८०० किलो वजनाची होती ! मिळविलेल्या शक्तीचा मोठा भाग ती बॅटरी वाहण्यांतच खर्च होई. चार चाकें कामास लावणें ह्याचा अर्थ जास्त वजन पदरीं घेणें, हा धडा त्याला पहिल्याच वेळीं मिळाला. म्हणून पुढें त्यानें पेट्रोलच्या इंजिनानें गाडींतच वीज उत्पन्न करण्याची युक्ति काढिली. पहिल्या महायुद्धांत ह्याच तत्त्वावर त्यानें रुळांवांचून चालणाऱ्या गाड्यांच्या माळा तयार केल्या. पुढच्या गाडींत वीज उत्पन्न होई, ती तारांनीं मागच्या प्रत्येक गाडीच्या चाकांस पोंचे, आणि प्रचंड तोफा डोंगरावर चढत.

१९०६ पासून आउस्ट्रो-डाइमलर, १९२३ पासून स्टुटगार्ट येथील डाइमलर, अशा मोठमोठ्या कंपन्यांत त्यानें मुख्य संकल्पकाचें काम केलें. तो हट्टी व तापट असे; वरिष्ठांशीं त्याचें फार दिवस पटत नसे. अखेर १९३१ सालीं त्यानें स्टुटगार्ट येथें स्वतःची कचेरी उघडली. सामान्य माणसास परवडेल अशी लहान गाडी करावी, हें त्याचें जुनें स्वप्न होतें. पण तिला लागणारा पैसा कोणी देईना.

तो पैसा देणारा भेटला, आणि येथूनच ह्या चरित्रास काळोखी बाजू लागते. १९३४ सालीं हिटलरच्या राजवटींत पोर्शेला लोकांच्या गाडीचें काम मिळालें. तिची किंमत ९९० मार्क ठरली. तीन लाखांहून अधिक लोकांनीं आठवड्याआठवड्यास तिकिटें विकत घेऊन त्या गाडीसाठीं पैसे सांठविले. युद्ध संपेपर्यंत त्यांतील एकासही गाडी मिळाली नाहीं. १९३९ सालीं युद्ध पेटलें व लोकांची गाडी लष्कराची गाडी झाली. तिच्या सांच्यावरून निघालेल्या एका गाडीस चारही चाकांची जोड देण्यांत आली; कांहीं शेंकडा अशा गाड्या लष्करी अधिकाऱ्यांस मिळाल्या. दुसरी गाडी तर पाण्यांतही पोहत असे. तिच्या पाठीमागें होडीसारखा पंखा असून तो खालीं सोडतां येई; जमिनीवर पहिल्या गिअरमध्यें तिचीं चारही चाकें जोर धरीत. आपल्या खाडीच्या कांठच्या चिखलांतून वर निघून पुन्हां पाण्यांत शिरणारें यंत्र डोळ्यांपुढें आणा, म्हणजे तिची कल्पना येईल. अशा चौदा हजारांहून अधिक गाड्या झाल्या.

यंत्र म्हणून त्या अप्रतिम होत्या. परंतु त्या कारखान्यांत काम करणारे कोण होते ? जिंकलेल्या देशांतून बळजबरीनें आणलेले स्त्रीपुरुष, युद्धकैदी व छळछावण्यांतील बंदी. अशा सुमारें २०,००० माणसांस तेथें राबविण्यांत आलें. पोर्शे हा त्या कारखान्याच्या प्रमुखांपैकीं एक होता. कोणतें चाक किती भार ओढतें, ह्याचा सूक्ष्म हिशेब ठेवणाऱ्या ह्या माणसानें, आपल्या यशाचा भार कोणाच्या पाठीवर पडत आहे, ह्याचा हिशेब केला नाहीं. त्याची बुद्धि कमी नव्हती. विचारावयाचा एक प्रश्न त्यानें विचारला नाहीं, एवढेंच.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या डिसेंबरांत फ्रेंचांनीं त्याला अटक केली. सत्तरी गांठलेला हा वृद्ध सुमारें वीस महिने बंदिवासांत होता. इकडे ऑस्ट्रियांतील ग्म्युंड गांवीं एका जुन्या लांकडाच्या वखारींत त्याचा मुलगा फेरी व जुने सहकारी दिवस काढीत होते. त्यांनीं इटलीच्या चिसितालिया कंपनीकरितां शर्यतीच्या गाडीचें काम पत्करिलें. बारा नळकांड्यांच्या इंजिनाची ही गाडी हांकणाराच्या इच्छेनुसार चारही चाकांवर चालवितां येई. त्या कामाच्या पैशांतून बापाच्या सुटकेची रक्कम भरण्यांत आली, व १९४७ सालीं तो सुटला. परत आल्यावर त्यानें मुलाचे नकाशे नजरेखालून घातले आणि ते पसंत केले. १९४८ सालीं न्यायालयानें त्याला दोषमुक्त ठरविलें. मात्र ते आरोप फ्रान्समधील एका कारखान्याविषयींचे होते. जर्मनींतील त्या वेठीच्या मजुरांच्या हालांचा न्याय तेथें झाला नाहीं. ३० जानेवारी १९५१ रोजीं स्टुटगार्ट येथें त्याचा अंत झाला.

त्याच्या पश्चात् त्याची मूळ कल्पना त्याच्या मुलीच्या मुलानें, म्हणजे फर्डिनांड पीश ह्यानें, पुरी केली. पीश हा आउडी कंपनीचा तांत्रिक प्रमुख होता, व आउडीच्या गाड्या पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या होत्या. १९७७ च्या हिंवाळ्यांत उत्तर युरोपांतील बर्फावर परीक्षा घेतांना, ७५ अश्वशक्तीची एक साधी लष्करी गाडी आपल्या अधिक जोरदार गाड्यांस मागें टाकते, असें यॉर्ग बेन्सिंगर ह्या अभियंत्याच्या ध्यानांत आलें. कारण तिचीं चारही चाकें जोर धरीत. मग त्यांनीं नेहमींच्या आउडी ८० गाडीच्या सांगाड्यांत त्या लष्करी गाडीचे भाग बसवून पाहिले. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत फिरता दांडा न्यावा लागतो. त्यासाठीं गाडीच्या तळाशीं वाट लागते, आणि पेट्रोलची टांकी, धुराची नळी व मागच्या चाकांची टांगण हीं सर्व नव्यानें बसवावीं लागतात. शिवाय वळणावर पुढच्या व मागच्या चाकांस सारखें अंतर तोडावें लागत नाहीं. म्हणून दोहोंच्या मध्यें एक डिफरन्शियल लागतें. नाहीं तर चाकें एकमेकांशीं झगडतात व टायर घासटतात. आउडीच्या कारागिरांनीं गिअरपेटींतच पोकळ दांडा घालून ही अडचण सोडविली. १९८० च्या मार्चांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत क्वाट्रो ही गाडी लोकांपुढें आली, आणि १९८२ व १९८४ सालीं आउडीनें जागतिक रॅलीचें निर्मात्यांचें विजेतेपद मिळविलें.

पोर्शेच्या लोकांच्या गाडींतून वाढलेल्या फोक्सवागेन कंपनीनें २००९ सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांत चाकण येथें कारखाना उघडला, व तेथें पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या लहान गाड्या तयार होऊं लागल्या. माफर्सडोर्फच्या पत्रेकाम करणाराच्या घरापासून निघालेला धागा असा आपल्या दारापर्यंत येऊन पोंचला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, चारही चाकांच्या गाडीविषयीं एक गोष्ट जाणत्या हांकणारास ठाऊक असते. ती चिखलांतून सहज निघते, चढ सहज चढते. परंतु थांबण्याच्या वेळीं तिला साध्या गाडीहून अधिक कांहीं साह्य होत नाहीं. निसरड्या रस्त्यावर तीही तितकीच घसरते, आणि सुरुवातीस जोरानें सुटली म्हणून हांकणारा गाफील राहिला, तर अधिकच. फर्डिनांड पोर्शे ह्याच्या आयुष्यासही पुढें जाण्याची शक्ति चारही अंगांनीं लाभली होती. अपुरें शिक्षण, वरिष्ठांचा रोष ह्या सर्व चिखलांतून तो बाहेर पडला. थांबावें कोठें, हें मात्र त्याला ऐन वेळीं कळलें नाहीं. त्याचा उद्योग अवश्य घ्यावा. पुढच्या पावसाळ्यांत काल्हेरच्या रस्त्यावर रुतलेल्या गाडीस रेटा देतांना त्याची आठवण करावी. आणि त्याच वेळीं त्या वीस हजारांचीही करावी.