परीक्षेत पास, पण उद्देशात? फिजिशियन असिस्टंट घडवणाऱ्या डॉ. यूजीन स्टेड यांची गोष्ट

अमेरिकेत ६ ऑक्टोबर हा फिजिशियन असिस्टंट दिवस म्हणून पाळला जातो. फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. डॉक्टरांच्या साथीने आणि त्यांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणं, निदान करणं, औषधं लिहून देणं, शस्त्रक्रियेत मदत करणं अशी कामं ते करतात. आज अमेरिकेत असे दीड लाखांहून अधिक लोक काम करत आहेत.

पण हीच तारीख का? कारण ६ ऑक्टोबर १९६७ रोजी या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत होते फक्त तीन जण. आणि ज्यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला त्या डॉ. यूजीन स्टेड यांचा वाढदिवसही ६ ऑक्टोबरचाच.

तिघांपासून दीड लाखांपर्यंत. आकडे बघितले तर यशाची गोष्ट इथेच संपते. पण स्टेड यांच्या आयुष्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. एखादा अभ्यासक्रम ज्यासाठी सुरू केला ते काम तो करतोय का, हे मोजायचं कशानं?

माणसं कमी, रुग्ण तेवढेच

स्टेड यांचा जन्म १९०८ सालचा, जॉर्जिया राज्यातल्या डेकेटर या अटलांटाजवळच्या गावातला. १९३२ मध्ये त्यांनी एमरी विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढचं शिक्षण बॉस्टन आणि सिनसिनाटीच्या रुग्णालयांत झालं. बॉस्टनमध्ये त्यांना सोमा वाइस यांच्यासारखे गुरू भेटले. रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून शिकवण्यात वाइस यांचा हातखंडा होता. स्टेड यांनी ती पद्धत उचलली आणि आयुष्यभर सोडली नाही.

१९४२ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते एमरी विद्यापीठात वैद्यकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. विभागाचं काम चालायचं अटलांटातल्या ग्रेडी या मोठ्या सरकारी रुग्णालयात. दुसरं महायुद्ध सुरू होतं. डॉक्टर सैन्यात निघून गेले होते, पण रुग्णांची संख्या काही कमी झाली नव्हती.

मग स्टेड यांनी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना वॉर्डात उतरवलं. निवासी डॉक्टरांची बरीच कामं विद्यार्थी करू लागले. लक्ष ठेवणारा कोणी असेल, तर पदवी न मिळालेला विद्यार्थीही खूप काही नीट करू शकतो, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. कोणाला काय करता येतं, हे फक्त प्रमाणपत्रावरून कळत नाही, एवढं त्यांच्या मनात पक्कं झालं.

नापास ठरलेला अभ्यासक्रम

१९४७ मध्ये स्टेड नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम इथे, ड्यूक विद्यापीठात गेले. पुढची वीस वर्षं तिथला वैद्यकशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला. शिस्त कडक होती. त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना आठवड्यातल्या सातपैकी पाच रात्री ड्युटी असायची. त्यातले अनेक जण पुढे देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत विभागप्रमुख झाले.

याच काळात ड्यूकमधल्या नर्सिंगच्या प्राध्यापिका थेल्मा इंगल्स यांनी एक वर्ष स्टेड यांच्यासोबत रुग्णांमध्ये राहून शिकायचं ठरवलं. त्या अनुभवातून १९५८ च्या सुमारास अनुभवी नर्सेससाठी एक वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम उभा राहिला. शिकलेल्या नर्सला रुग्णसेवेत जास्त जबाबदारी घेता यावी, हा त्याचा उद्देश होता.

पण नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या नॅशनल लीग फॉर नर्सिंग या संस्थेने मान्यता नाकारली. अभ्यासक्रमाची मांडणी पुरेशी आखीव नाही, डॉक्टरांच्या शिकवण्यावर फार भर आहे आणि नर्सेसना डॉक्टरांची कामं दिली जात आहेत, असे आक्षेप होते.

इथे दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. नर्सिंग हा स्वतःच्या पायावर उभा असलेला व्यवसाय आहे, ती डॉक्टरांची धाकटी शाखा नाही, हे सिद्ध करण्यासाठी नर्सेस कित्येक वर्षं झगडत होत्या. डॉक्टरच नर्सेसना घडवणार, ही कल्पना त्यांना खटकणं साहजिक होतं. स्टेड यांच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा होता. ही नर्स रुग्णाला अधिक चांगली सेवा देते का? मान्यतेच्या निकषांत हा प्रश्न मध्यभागी नव्हता.

मान्यता नाही म्हटल्यावर तो प्रयोग बारगळला. स्टेड यांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली.

नौदलातून आलेले चौघे

नॉर्थ कॅरोलायनाच्या खेड्यांत डॉक्टरांची चणचण होती. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला नवं काही शिकायला सोडाच, झोपायलाही सवड मिळत नव्हती. याला एक अपवाद स्टेड यांना ठाऊक होता. गारलँड या छोट्या गावातले डॉ. एमॉस जॉन्सन. त्यांनी बडी ट्रेडवेल या सहाय्यकाला स्वतः शिकवून तयार केलं होतं. डॉक्टर बाहेरगावी गेले तरी दवाखान्याचं काम ट्रेडवेल सांभाळत.

दुसरीकडे, सैन्यातून परतणाऱ्या वैद्यकीय जवानांचा प्रश्न होता. जहाजावर किंवा छावणीत त्यांनी जखमींना सांभाळलेलं असायचं. घरी परतल्यावर मात्र त्या कौशल्याला साजेशी नोकरी नसायची.

स्टेड यांनी या दोन टोकांची गाठ घातली. १९६५ मध्ये नौदलातून आलेल्या चौघांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातले तिघे दोन वर्षांनी बाहेर पडले.

उद्देश साधा होता. डॉक्टरांचे हात वाढवायचे आणि डॉक्टर जिथे कमी आहेत तिथल्या रुग्णांपर्यंत उपचार पोहोचवायचे.

मोजपट्टी तयार होते

ड्यूकचं पाहून इतर ठिकाणीही असे अभ्यासक्रम निघाले. कोणी काय शिकवावं, किती शिकवावं, याचा मेळ नव्हता. म्हणजे नर्सिंगच्या वेळी आडवा आलेला मुद्दा आता या नव्या व्यवसायापुढेही उभा राहिला. समोरचा माणूस खरोखर तयार झालेला आहे, याची खात्री रुग्णाला कोण देणार?

१९७१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा अभ्यासक्रमांसाठी किमान निकष ठरवले. १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. १९७५ मध्ये प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आली. निकषांमुळे नर्सेसचा अभ्यासक्रम अडला होता. आता निकषांमुळेच फिजिशियन असिस्टंटला देशभर विश्वास मिळाला. मोजमाप वाईट नसतं. प्रश्न असतो तो काय मोजतो याचा.

रुग्णाचं पुढे काय झालं?

१९६७ मध्ये स्टेड विभागप्रमुखपदावरून बाजूला झाले. फिजिशियन असिस्टंटच्या अभ्यासक्रमाची धुरा तोवर डॉ. हार्वी एस्टेस यांच्याकडे गेली होती. स्टेड यांनी मात्र मोजमापाचंच आणखी एक काम हाती घेतलं.

हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेला रुग्ण ड्यूकमध्ये आला की त्याची लक्षणं, तपासण्या आणि उपचार यांची नोंद संगणकात ठेवायची. घरी गेल्यावरही त्याला विसरायचं नाही. वर्षानुवर्षं त्याची खबर घेत राहायची. हा ड्यूकचा हृदयरोग माहितीसाठा पुढे खूप नावाजला. नवा रुग्ण आला की त्याच्यासारख्या जुन्या रुग्णांचं पुढे काय झालं, हे पाहून डॉक्टरला उपचार ठरवता येऊ लागले. आज अशी कल्पना सहज वाटते. १९६० च्या दशकाच्या शेवटी, खोलीभर संगणकाच्या काळात, ती अजिबात सहज नव्हती.

हीच नजर अभ्यासक्रमाकडे वळवली तर? मग विद्यार्थी बाहेर पडला की मोजमाप संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

आजचा हिशेब

आता अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला आपली उद्दिष्टं जाहीर करावी लागतात आणि ती किती साधली याचा पुरावाही लोकांसमोर ठेवावा लागतो. किती विद्यार्थी मध्येच सोडून गेले, राष्ट्रीय परीक्षेत पहिल्या प्रयत्नात किती उत्तीर्ण झाले, हे संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं.

देशभरात पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. या मोजपट्टीवर अभ्यासक्रम उत्तम ठरतात.

आता दुसरी मोजपट्टी लावू. सुरुवातीच्या दशकात बहुसंख्य फिजिशियन असिस्टंट प्राथमिक उपचारांच्या क्षेत्रात होते, म्हणजे रुग्ण पहिल्यांदा जिथे जातो तिथे. आज तिथे साधारण चौथा हिस्साच उरला आहे. बाकीचे शस्त्रक्रिया, आपत्कालीन विभाग किंवा विशेष उपचारांकडे वळले आहेत. तीही गरजेची कामं आहेत. पण खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचणं हा जर उद्देश असेल, तर उत्तीर्णांची टक्केवारी त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी पदवीधर कुठे काम करतात, तिथे किती वर्षं टिकतात आणि त्यांच्या रुग्णांचं काय होतं, हे शोधावं लागतं. हे मोजायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि उत्तर नकोसं निघण्याची शक्यता असते. म्हणून सोपा आकडा पुढे येतो.

भारतालाही हा विषय दूरचा नाही. इथे फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण १९९० च्या दशकात चेन्नईत सुरू झालं. २०२१ च्या कायद्याने आरोग्य क्षेत्रातल्या डॉक्टर-नर्स सोडून इतर अनेक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली, त्यात या व्यवसायाचाही समावेश आहे. म्हणजे निकष ठरवण्याची वेळ आता आपल्याकडे आहे.

उतारवयात स्टेड केर तलावाच्या काठी राहायला गेले. तिथलं घर त्यांनी स्वतः खपून बांधलं होतं. १२ जून २००५ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांचा पहिला प्रयोग मान्यतेच्या कसोटीवर नापास झाला आणि दुसरा उत्तम गुणांनी पास झाला. दोन्ही वेळा निकाल कागदावर लागला. ज्या गावात रात्री-अपरात्री आजारी पडलेल्या माणसाला तपासायला कोणी आहे की नाही, तो निकाल मात्र प्रत्येक वर्षी नव्याने लावावा लागतो.