घड्याळजीच्या पोराने ‘थ्री नॉट थ्री’ घडवली, पण बंदुकीवर त्याचं फक्त एक अक्षर उरलं

२६/११ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर कसाब आणि त्याच्या साथीदाराकडे एके-४७ होत्या आणि आपल्या काही पोलिसांच्या हातात ‘थ्री नॉट थ्री’. तेव्हापासून ही रायफल म्हणजे जुनाट, निकामी वस्तू असाच आपला समज झालाय. पण ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत आजोबांच्या माळ्यावर हीच रायफल सापडली, की नातवंडं आधी तिच्यावरची अक्षरं वाचायला बसतात. त्यातलं एक अक्षर ‘एल’. एल म्हणजे ली.

जेम्स पॅरिस ली. जन्म ९ ऑगस्ट १८३१, स्कॉटलंडमधल्या हॉईक गावात. तो लहान असतानाच घरचे कॅनडात ओंटारिओला गेले. वडील घड्याळजी. पोरगाही त्यांच्याच दुकानात बारीक स्प्रिंगा आणि चाकं जुळवायला शिकला, पण डोक्यात बंदुका. बाराव्या वर्षी त्याने जुन्या पिस्तुलाची नळी घेऊन घरीच एक बंदूक बनवली. ती काही धड चालली नाही.

पुढे तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. मग तिथे यादवी युद्ध सुरू झालं. १८६५ मध्ये त्याला लष्कराकडून १,००० कार्बाईनची ऑर्डर मिळाली. माल तयार झाला आणि नळीच्या व्यासावरून वाद पेटला. लष्कराने बंदुका घ्यायला नकार दिला. तोवर युद्धही संपलेलं. घड्याळं जुळवणाऱ्या माणसाचा धंदा मापावरून बुडावा, हे जरा क्रूरच.

पण गडी थांबला नाही. त्या काळी एकाहून जास्त गोळ्या भरायच्या तर त्या नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक रचायच्या. ते भरायला वेळ लागायचा. लीने १८७९ मध्ये वेगळ्याच रचनेचं पेटंट घेतलं: बोल्टच्या खाली बसणारी, काढता-घालता येणारी पेटी, तिच्यात एकावर एक रचलेली काडतुसं आणि खालून वर ढकलणारी स्प्रिंग. घड्याळजीच्या दुकानातली विद्या शेवटी इथे कामी आली म्हणायची. आजच्या कुठल्याही रायफलचं मॅगझिन बघा, कल्पना तीच आहे.

ब्रिटिशांनी १८८८ मध्ये लीचा बोल्ट आणि मॅगझिन उचललं. नळीतले पेच मेटफर्ड नावाच्या इंजिनिअरचे, म्हणून नाव ‘ली-मेटफर्ड’. पण कॉर्डाईट नावाची नवी बिनधुराची दारू आली आणि तिच्या उष्णतेने ते पेच झिजू लागले. मग लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने खोल पेच दिले आणि १८९५ मध्ये ‘ली-एनफिल्ड’ जन्मली. तिची आखूड आवृत्ती सैन्यात येऊ लागली आणि २४ फेब्रुवारी १९०४ ला ली कनेक्टिकटमध्ये वारला. पहिल्या महायुद्धात या रायफलीचं जे नाव झालं, ते त्याने पाहिलंच नाही.

आता माळ्यावरच्या रायफलीकडे येऊ. आधी ती रिकामी आहे ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यायचं. मग दस्त्याच्या पुढे, बोल्टच्या हँडलखाली, उजव्या बाजूचं लोखंडी कडं बघायचं. तिथे मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल कोरलेलं असतं. ‘एसएचटी. एल.ई. III’ म्हणजे आखूड ली-एनफिल्ड, मार्क तीन. पुढे चांदणी असेल तर ती १९१६ पासूनची, युद्धाच्या घाईत सोपी केलेली आवृत्ती. ‘डीपी’ असेल तर फक्त कवायतीची. तिच्यातून गोळी झाडायच्या भानगडीत पडू नये.

किंमत ठरते ती नंबरांवर. बोल्ट, नळी आणि मुख्य सांगाडा यांच्यावरचा नंबर एकच असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. घोळ होतो तो घरीच. युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या हजारो रायफलींचं लाकूड शिकाऱ्यांनी कापून टाकलं. त्यांना आज फारसा भाव नाही. उरलेल्या कुणीतरी प्रेमाने सँडपेपर मारून, पॉलिश करून चकाचक करतं. त्यात लाकडावरचे शिक्के जातात आणि किंमतही.

नकली मालही भरपूर. खैबर खिंडीच्या परिसरात, दर्रा आदम खेलचे कारागीर हाताने हुबेहूब नकला करायचे, पण अक्षरं कधी उलटी, कधी चुकलेली. ‘व्ही.आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि त्याखाली साल १९०७? राणी तर १९०१ मध्येच गेली होती.

भारतात कोलकात्याजवळच्या इछापूर कारखान्यातही या रायफली बनल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यावर मुकुट जाऊन अशोकस्तंभ आला. मात्र .३०३ हा लष्करी बोअर असल्याने सामान्य माणसासाठी तो बंदी असलेल्या वर्गात मोडतो. त्यामुळे घरात अशी रायफल निघाली तर भाव विचारत फिरायचं नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाहक्काचं पुढे बघायचं. परवाना मिळणाऱ्यांसाठी इछापूरने .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली. बोल्ट मात्र लीचाच.