बिशप जॉन ह्यूज : माळीकामातून कॉलेजपर्यंत



जून महिना उजाडला की धर्मग्रामाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर आईवडील मुलांना घेऊन बसलेले दिसतात. कुणाला शिफारसपत्र हवे असते, कुणाला फीसाठी मदत. बऱ्याच जणांना तर नेमके काय विचारायचे हेच ठाऊक नसते. घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेले नसले की असे होते. अशा वेळी आम्हांला न्यूयॉर्कचे पहिले आर्चबिशप जॉन ह्यूज आठवतात. त्यांनाही एके काळी कॉलेजच्या दारातून परत पाठवण्यात आले होते.

ह्यूज यांचा जन्म 24 जून 1797 रोजी, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणादिवशी, आयर्लंडमधील टायरोन परगण्यात झाला. वडील दुसऱ्याची जमीन कसणारे साधे शेतकरी होते. त्या काळी आयर्लंडवर इंग्रजांचा अंमल होता आणि कॅथोलिकांना आपल्याच देशात दुय्यम वागणूक मिळे. जॉनची धाकटी बहीण वारली तेव्हा धर्मगुरूंना दफनभूमीत पाऊल ठेवू दिले नाही. फाटकाबाहेर त्यांनी मूठभर माती आशीर्वादित करून दिली आणि घरच्यांनी ती आत नेऊन कबरीवर टाकली, असे सांगतात. तो प्रसंग जॉनच्या मनातून कधी गेला नाही.

परिस्थिती बिघडली तसे वडिलांनी त्याला शाळेतून काढले. जवळच्या एका जमीनदाराच्या वाड्यावर तो माळीकाम शिकू लागला. गुरुदीक्षेची ओढ मनात होती, पण शाळाच सुटलेली. 1816 साली वडील अमेरिकेला गेले, 1817 साली जॉनही गेला. कुटुंब पेनसिल्व्हेनियातील चेंबर्सबर्ग गावी स्थिरावले. जॉन दगडाच्या खाणीत, रस्त्याच्या कामावर, मिळेल तिथे रोजंदारी करू लागला.

चेंबर्सबर्गपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे, माउंट सेंट मेरीज हे कॉलेज व सेमिनरी होती. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पळून आलेले फादर जॉन द्युब्वा यांनी ती 1808 साली सुरू केली होती. जॉन त्यांच्याकडे प्रवेश मागायला गेला आणि नकार घेऊन परतला. पुन्हा गेला, पुन्हा नकार. फादर द्युब्वा यांना दोष देणे सोपे आहे. पण वीस वर्षांचा मजूर, शिक्षण अर्धवट, खिशात पैसा नाही आणि संस्थाही कशीबशी चाललेली. त्यांच्या खुर्चीत बसून आम्ही तरी वेगळे काय केले असते, याची आम्हांला खात्री नाही.

अखेर 1819 साली एक तोडगा निघाला. जॉनने कॉलेजची बाग सांभाळायची; त्याबदल्यात राहणे, जेवण आणि फावल्या वेळात शिकवणी. येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या कॉलेजच्या जमिनीवर गुलाम राबत होते आणि त्यांच्यावर देखरेख करणे हाही या नव्या माळ्याच्या कामाचा भाग होता.

जॉन मधल्या सुट्टीतही पुस्तक घेऊन बसे. तेथून जवळच संत एलिझाबेथ ॲन सेटन यांचा मठ होता. या तरुणाकडे त्यांचे लक्ष गेले व त्यांनी फादर द्युब्वा यांच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, असे सांगितले जाते. 1820 साली जॉनला रीतसर विद्यार्थी म्हणून घेण्यात आले. तेविसाव्या वर्षी तो आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या वर्गात बसला. पुढे स्वतः शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवूही लागला. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली तेव्हा राहणे, जेवण, पुस्तके सारे काही मिळत होते. एकही वाफा खणावा लागला नाही. तरी आमची कुरकुर असेच.

1826 साली जॉन ह्यूज यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी फादर द्युब्वा न्यूयॉर्कचे बिशप झाले. फिलाडेल्फियात बारा वर्षे सेवा केल्यानंतर, 1838 साली, ह्यूज सहायक बिशप झाले ते त्याच बिशप द्युब्वा यांच्या हाताखाली, आणि त्यांच्या नंतर ती गादीही ह्यूज यांच्याकडे यायची होती. वृद्ध बिशपांना लवकरच पक्षाघात झाला आणि 1839 साली कारभार जुन्या माळ्याकडे आला.

त्या धर्मप्रांतात बहुतेक श्रद्धावंत आयरिश मजूर होते. मुलांनी पुढे शिकावे तर कॅथोलिक कॉलेज नव्हते. बिशप द्युब्वा यांनी नायॅक येथे प्रयत्न केला, पण इमारत आगीत गेली. उत्तरेकडे लाफार्जव्हिल येथे एक संस्था निघाली, ती इतकी दूर पडली की चालेना. ह्यूज यांनी 1839 साली शहराजवळ फोर्डम या गावी रोझ हिल नावाची सुमारे 100 एकरांची जागा घेतली. किंमत जवळपास 30,000 डॉलर, आणि हाती पैसे नव्हते. आधी व्यवहार, मग वर्गणी! आमच्या फायनान्स कमिटीने असा ठराव मंजूर केला नसता. लोकांकडून जमेल तेवढे गोळा करून ते युरोपला गेले. रोम, व्हिएन्ना, पॅरिस, आयर्लंड असे फिरून त्यांनी मदत मागितली. 24 जून 1841 रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी सेंट जॉन्स कॉलेज उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थी होते सहा. पहिले प्रमुख फादर जॉन मॅक्लॉस्की हेही आयरिश निर्वासित आईबापांचे पुत्र, जे पुढे 1875 साली अमेरिकेचे पहिले कार्डिनल झाले. 1846 साली हे कॉलेज येशूसंघीय फादरांकडे सोपवण्यात आले. आजचे फोर्डम विद्यापीठ ते हेच.

पण पायाच कच्चा असेल तर कॉलेजला मुले येणार कोठून? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शाळा एका खाजगी प्रोटेस्टंट मंडळाच्या हाती होत्या. तेथील पुस्तकांत कॅथोलिकांची टिंगल असे, म्हणून पुष्कळ आयरिश मुले शाळेतच जात नसत. 1840 साली ह्यूज यांनी नगरपरिषदेपुढे तासन् तास बाजू मांडली. मतदानात 15 विरुद्ध 1 असा पराभव झाला. 1842 साली कायदा बदलला, त्या मंडळाची मक्तेदारी मोडली. पण कॅथोलिक शाळांना निधी मिळाला नाहीच, आणि जमावाने बिशपांच्या घराच्या काचा फोडल्या. मग त्यांनी धर्मग्रामांतून स्वतःच्या शाळा उभारल्या. सही करताना ते नावाआधी क्रूस काढत, तो विरोधकांना खंजिरासारखा दिसे. त्यावरून त्यांना खंजीरवाला जॉन असे नाव पडले.

ते गोड स्वभावाचे नव्हते. विरोध सहन होत नसे, आपल्या धर्मगुरूंवर त्यांची हुकमत कडक होती. गुलामगिरी वाईट म्हणत असतानाही ती मोडू पाहणाऱ्या चळवळीला त्यांनी साथ दिली नाही. एमिट्सबर्गच्या बागेत जे डोळ्यांनी पाहिले, ते त्यांना अधिक बोलायला लावेल असे आम्हांला वाटले असते.

1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला आणि उपाशी माणसांची जहाजे न्यूयॉर्कला लागू लागली. रोझ हिल हे निवासी कॉलेज होते, तेथील खर्च गोदीवरच्या हमालाला झेपणारा नव्हता. ज्यांच्यासाठी धडपड केली त्यांतल्या बहुतेकांना दार उघडे असूनही आत येता येत नव्हते. 1847 साली येशूसंघीयांनी शहरातच दुसरे कॉलेज काढले, पुढे ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाने चालले. तेथे मुलगा घरी राहून, घरचे जेवून शिकू शके. त्याच वर्षी सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांनी मुलींसाठी माउंट सेंट व्हिन्सेंट ही शाळा सुरू केली. 1911 साली तिचे कॉलेज झाले. ह्यूज यांची बहीण सिस्टर अँजेला याच संघात होत्या.

पैशाची बाजूही त्यांनी सोडली नाही. 1850 साली त्यांच्या प्रोत्साहनाने स्थलांतरितांसाठी एक बचत बँक निघाली. मोलकरणी, हमाल, गवंडी तेथे थोडे थोडे ठेवू लागले. त्यातून गावाकडच्या माणसांची तिकिटे निघत, आणि मुलांच्या भविष्यासाठीही चार पैसे मागे राहत.

1850 सालीच ते आर्चबिशप झाले. 1858 साली त्यांनी सेंट पॅट्रिक कॅथेड्रलची कोनशिला बसवली, पण ते पुरे झालेले त्यांना पाहता आले नाही. 3 जानेवारी 1864 रोजी त्यांचे निधन झाले. रोझ हिलच्या जमिनीचा पूर्वेकडचा काही भाग पुढे शहराने घेतला. विद्यापीठाच्या समोर, रस्त्यापलीकडे, आज न्यूयॉर्कची बोटॅनिकल गार्डन आहे.